माळवदावरची माती

मी भूगोलाची बाई. भोकरच्या शाळेत बावीस वर्षं झाली, नववी-दहावीला शिकवते. माझा आवाज तीन वर्ग ओलांडून जातो, अशी तक्रार शेजारच्या गणिताच्या सरांनी दोनदा केलेली आहे. त्या दिवशी सकाळचा पहिला तास होता. फळ्याकडं तोंड करून मी नद्या लिहीत होते. गोदावरी लिहून झाली, कृष्णा लिहायला घेतली, आणि 'कृ' काढता काढता खडू भलतीकडंच गेला. मागं बेंच खडखडले. मी न वळताच ओरडले, "कोण बेंच हलवतंय रे? हात मोडून ठेवीन एकेकाचे!"

वळून बघते तर सगळी पोरं दोन्ही हातांनी बेंच घट्ट धरून बसलेली. पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलासुद्धा धड आवाज काढत नाही, ती म्हणाली, "बाई, आम्ही न्हाई. खालून हलून राहिलंय."

काय सांगू! बावीस वर्षं भूकंपनाभी आणि अपिकेंद्राच्या आकृत्या काढणारी मी, आणि भूकंप स्वतः वर्गात आला तेव्हा मी त्याला दम दिला.

पोरांना घेऊन मैदानावर आले तोवर सगळं थांबलं होतं. भिंतीला ओरखडासुद्धा नव्हता. पोरं खिदळायला लागली, एकानं माझी नक्कलही केली आणि मी त्याला करू दिली. मला दुसरंच काही झालं होतं. मी चप्पल काढून मातीत उघड्या पायांनी उभी राहिले. ज्याच्यावर आपण खुशाल घरं बांधतो, पेरणी करतो, पोरींची लग्नं लावतो, ते खालचं सगळं जिवंत आहे आणि मघाशी त्यानं नुसती कूस बदलली, हे मला पहिल्यांदा तळपायाला कळलं. अंगावर काटा आला तो बराच वेळ गेला नाही.

मग एकदम दादांची आठवण झाली. दादा म्हणजे माझे वडील. लातूरकडं, मुरुडच्या जवळ आमचं गाव. तिथं दादा आणि आई दोघंच राहतात, माळवदाच्या घरात. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्याच्यावर माती. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात पांढरीची, म्हणजे जुन्या ओस गावठाणाची चिकट माती आणून तिचा नवा थर द्यायचा आणि चोपून बसवायचा. जुना थर काही कुणी काढत नाही. वर नवा टाकतात, पुढच्या साली आणखी नवा. आमच्या घरावर असे किती उन्हाळे साचलेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोन लावला. दादा म्हणाले, "इकडं काय बी न्हाई. तुझी आई म्हनती मांडणीवरची ताटं वाजली. मला तर ऐकू आलं न्हाई." मागून आईचा आवाज आला, "त्यांना मी हाक मारलेली बी ऐकू येत न्हाई!" मी हसले आणि मग फोन ठेवून रडले. वीस-बावीस वर्षं मी या घराच्या मागं लागले होते आणि दरवेळी हरले होते. हे छत दोघांच्या डोक्यावर पडायच्या आत खाली उतरलं पाहिजे, एवढं एकच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात नद्या बाजूला ठेवल्या. पोरांनाच दुसरं काही सुचत नव्हतं. मी सांगत गेले. आपण ज्या भूपट्टावर बसलोय तो उत्तरेकडं सरकतोय. बोटांची नखं वाढतात ना, जवळजवळ त्याच चालीनं, किंचित जास्तच. तिकडं तो दुसऱ्या भूपट्टाला भिडलाय आणि त्या रेटारेटीत हिमालय उभा राहिलाय. तो रेटा इथपर्यंत पोचतो. आपल्या काळ्या रानाखाली काळा खडक, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोटच्या लोट येऊन थिजलेला. त्याच्याही खाली त्याहून जुना खडक, त्यात जुन्या भेगा. रेटा त्या भेगांपाशी साचत राहतो, हजारो वर्षं. मग एखाद्या सकाळी भेग जरा घसरते. साचायला हजारो वर्षं आणि सुटायला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

"बाई, मग आपल्याकडं त्सुनामी बी येईल का?" एकानं विचारलं. सगळे हसले. समुद्र त्यांच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून परात मागवली, पाणी भरलं, दोन विटांवर ठेवली आणि खालून मुठीनं ठोसा दिला. मधलं पाणी जेमतेम हललं, पण काठावरचं उसळून माझ्या पदरावर आलं. खोल समुद्रात तळ असा एकदम वर उचलला जातो, मी म्हणाले, तेव्हा वर होडीत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. लाट हातभर उंच, पण विमानाच्या वेगानं जाते. किनारा आला, पाणी उथळ झालं, की पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्याच्यावर चढतं आणि भिंत उभी राहते. कधीकधी त्याच्या आधी समुद्र मागं सरतो आणि कधी न दिसलेला तळ उघडा पडतो.

ती पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मग तिथं मासे तडफडत असतील. लोक धरायला जाणारच की, बाई."

माणसं ज्यात आपलं भलं बघतात त्यातच कशी सापडतात, हे तिनं एका वाक्यात सांगितलं होतं.

आमच्याकडं आणखी एक गंमत आहे. आमचे पेपरवाले छापतात, "गूढ आवाजाने गाव हादरले." नांदेडात, लातूरकडं, पावसाळा सरता सरता हे आवाज येतात. जमिनीतून धडाम् होतं, पत्रा थरथरतो, लोक बाहेर येतात, तहसीलला कळवतात, साहेब जीपनं येऊन जातात. दादा पेपर वाचून म्हणायचे, "गूढ कशाचा? समद्या गावाला ऐकू आला की!" पावसाचं पाणी भेगांत मुरतं, आतला दाब बदलतो आणि वरवरचे बारके धक्के बसतात, असं जाणकार म्हणतात. मला मात्र तो आवाज ऐकला की आजही हात जोडावेसे वाटतात. भक्तीनं म्हणा, भीतीनं म्हणा, मला त्यातला फरक कळत नाही.

कारण मी तो मोठा आवाज ऐकलेला आहे. मी बारा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळं गाव दमून झोपलं होतं आणि पहाटे तो आला. आधी आवाज, मग धक्का. शंभर गाड्या एकदम खडकावरून जाव्यात असा घरघराट जमिनीच्या पोटातून आला आणि छतातून माती माझ्या तोंडावर पडली. दादांनी मला आणि आईला ओढत अंगणात आणलं. आमचं घर उभं राहिलं. पण खाली दक्षिणेला, किल्लारीच्या बाजूला, गावंच्या गावं बसली. तिकडं माझी आत्या दिलेली होती, दादांची धाकटी बहीण. ती आणि तिचा नवरा माळवदाखाली गेले. तिची सासू बाहेर जनावरांच्या छपरात झोपली होती, ती वाचली.

दादा त्याच दिवशी मिळेल त्या गाडीनं गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. अंघोळ केली, कपडे जाळले आणि त्यावर परत कधी बोलले नाहीत. मला वाटलं, आता तरी हे माळवद जाईल. कसलं काय! पुढच्या उन्हाळ्यात दादांनी पांढरीची माती आणून दरसालच्या दुप्पट थर दिला. तेव्हा मी लहान होते, गप्प बसले. शिकले, बाई झाले आणि मग गप्प बसणं जमेना. दर उन्हाळ्यात आमचं भांडण ठरलेलं. मी भिंतीची आकृती काढून दाखवायची: बाहेरून एक दगडांची ओळ, आतून एक, मधे गोटे आणि माती, दोन्ही ओळींना बांधणारं काही नाही. जमीन हलली की दोन्ही फाकतात, आतली आत येते आणि वरचं ओझं खाली. दादा म्हणायचे, "एवढ्या मोठ्या भूकंपात उभं ऱ्हायलं न? मग गप ऱ्हा, मास्तरीणबाई."

आता यावर डोकं आपटून घ्यायचं नाही तर काय करायचं? एकदा वाचलं म्हणजे दरवेळी वाचेल, असं त्या घरानं लिहून दिलं होतं का?

वर्ग हलला त्याच्या पुढच्या रविवारी मी पहिली बस धरली. नांदेड, लातूर, मुरुड. वाटेत एकच ठरवलं होतं, भांडायचं नाही. दारात पाय ठेवल्यावर पाच मिनिटांत भांडण सुरू झालं.

"दादा, या छतावर चार-पाच ट्रक माती हाय, तिच्याखाली झोपताय तुम्ही!"

"ट्रक मोजायला आलीस का? हातभर माती आसंल. जास्त न्हाई."

"हातभर?"

"कोपरापस्तोर. माझ्या हातानं टाकलीय, मला म्हाईत न्हाई व्हय?"

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात तिची वाकळ आणि उशी. ती अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडं निघाली. दादांनी विचारलं, "कुठं चाललीस?" आई म्हणाली, "मांडणी वाजल्यापासून मला आत डोळा लागत न्हाई. तुमी ऱ्हावा तुमच्या मातीखाली. मी आजपासून इथंच." पन्नास वर्षांच्या संसारात तिनं वेगळं अंथरूण घातलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दादा मटकन ओट्यावर बसले.

तिथूनच म्हणाले, "एक खड्डा काढून बगू. कोपराच्या वर माती निघाली तर समदी काढू. न्हाई निघाली तर तू परत या घराचं नाव काढायचं न्हाई." मी म्हणाले, "हाव. कबूल."

गावातलं एक नवरा-बायकोचं जोडपं बांधकामाच्या कामाला जायचं, त्यांना बोलावलं. आम्ही चौघं शिडीनं वर गेलो. आई खालून ओरडत होती, "मधी उबं ऱ्हाऊ नका, कडंला ऱ्हावा!" मी मधोमध एक जागा दाखवली आणि पहिली कुदळ पडली.

वरची माती दगडासारखी चोपलेली. वीतभर गेलं. मग हात गेला, कोपरापर्यंत. खाली मातीच. मी गुडघ्यावर बसून हात घातला. दंडापर्यंत गेला. अजून मातीच. शेवटी खांद्यापर्यंत हात गेला, गाल छताला टेकला, तेव्हा कुठं बोटांना पाला लागला, सुकून भुगा झालेला.

मी बाजूची कड नीट तासून घ्यायला सांगितली, आणि मग जे दिसलं त्यानं मी हबकले. कंधारच्या वाटेवर रस्ता रुंद करताना डोंगर कापलाय, तिथं मी दरसाल पोरांना नेते. एकावर एक बसलेले लाव्हाचे थर दाखवते, मधली तांबडी रेघ दाखवते, दोन लोटांच्या मधे जो काळ गेला त्याची ती रेघ असते. तेच माझ्या बापाच्या छतात होतं. पांढरा थर, मग गवताच्या मुळ्यांची करडी रेघ, म्हणजे एक पावसाळा. परत पांढरा, परत रेघ. मी बोटानं खाली खाली मोजत गेले. इथं माझं लग्न झालं. इथं मी दहावी. इथं एक जाड थर, बाकीच्यांच्या दुप्पट. त्याच्याखाली ती पहाट. त्याच्याही खाली पिवळट माती, आज्याची, आणि त्याच्याही खाली कुणाची, ते नाव सांगणारं आता कुणी नाही. डोंगर घडायला जे लागतं तेच या माणसांनी घमेल्या-घमेल्यानं घरावर घडवलं होतं, आणि त्याच्याखाली पाळणे बांधले होते, बाळंतपणं केली होती, आणि एक थेंब गळू दिला नव्हता. मी भांडायला आले होते. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"दादा, बघा," मी म्हणाले. जिंकल्याचा आनंद वगैरे काही उरला नव्हता.

दादांनी खड्ड्यात हात घातला. चेहरा बदलला. हात बाहेर काढला आणि तिथंच बसले. कामावरच्या दोघांना त्यांनी खाली जाऊन चहा घ्या म्हणून सांगितलं. ते उतरल्यावर मला म्हणाले, "तुला एक इचारू? तू शिकलेली हाईस. खरं सांगशील?"

"सांगते की."

"तुझी आत्या कशानं गेली? भूकंपानं का मातीनं?"

मला वाटलं, छताबद्दलच बोलतायत. पण ते थांबले नाहीत. खाली बघतच सांगत राहिले. भूकंप झाला त्याच सालच्या उन्हाळ्यात आत्याचा निरोप आला होता, घर लई गळतंय, भाऊ, येऊन जा. दादा गेले, आठ दिवस राहिले. तिथल्याच पांढरीची माती तिच्या दिराच्या बैलगाडीनं आणली, चार खेपा. स्वतः चोपली. आत्या वर पाणी आणून द्यायची, रोज आमरस करायची. पावसाळ्यात तिनं कळवलं, एक थेंब आला न्हाई.

वीस-बावीस वर्षं मी या माणसाला हट्टी म्हणत होते, अडाणी म्हणत होते, तोंडावर म्हणाले होते. भूकंप म्हणाले तर तो सुखानं झोपेल, पण कदाचित याच छताखाली झोपेल. माती म्हणाले तर छत उतरेल आणि माणूस मोडेल. समोर बाप आहे, वर्गातला पोरगा नाही. पण त्यानं खरं सांग म्हटलं होतं.

"मातीनं, दादा."

त्यांनी मान हलवली. शांतपणे. "मला म्हाईत व्हतं. मीच उकरलं तिला."

"मग दरसाल का टाकत राहिलात हो? दुप्पट का टाकलीत?"

"बंद केलं आसतं तर कबूल केल्यासारकं झालं आसतं."

मला रडू आवरेना. डोळे पुसत मी घाईघाईनं बोलायला लागले, बाई बोलते तसं, उदाहरणं देऊन. म्हणाले, दादा, तुमच्या चार खेपांनी काय होतंय? त्याच्याखाली तिच्या सासऱ्याची माती होती, त्याच्या बापाची होती, इथं जशी हाय तशीच. त्यात पावसाचं पाणी मुरलेलं. ती सगळी पडली. तुमची त्यात चिमूटभर. हे मी खोटं सांगत नव्हते. शपथेवर सांगते, एक अक्षर खोटं नव्हतं.

दादांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग उठले, धोतर झटकलं, खालच्या दोघांना हाक मारली, "या रं वर, समदी काढायची हाय." आणि कुदळ स्वतःच उचलून माझ्याकडं बघत म्हणाले, "आसंल, पोरी. तू म्हनतीस तसंच आसंल. पर उकरताना हाताला पहिल्यांदा माझीच लागली. नवी व्हती न, पांढरी व्हती. वळखू आली."